छिद्र लहान, दक्षता मोठी

घरातील वडीलधाऱ्यांसाठी स्नानगृहात आधाराची दांडी बसवावयाची ठरते. दांडी आणली जाते. परंतु टाइल तडकेल या भीतीने ती महिनोन् महिने कपाटात पडून राहते. दरम्यान ओल्या लादीवर पाय घसरण्याचा धोका मात्र रोजचाच असतो. काच व टाइल यांचा स्वभाव जाणून घेतला, तर ही भीती बरीचशी ओसरते.

लाकूड दाबले की थोडे दबते. काच दबत नाही. ताण असह्य होताच ती तडकते. सिरॅमिक टाइलवरील झिलईही काचेचाच पातळ थर होय. म्हणून येथे छिद्र ठोकून नव्हे, तर घासून पाडावयाचे असते. ड्रिलची ‘हॅमर’ कळ बंद असणे ही पहिली अट. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकासारखे टंगस्टन कार्बाइडचे बिट पुरते. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, इतकी ती घट्ट असते. तिला आणि काचेला हिऱ्याचे कण बसविलेले पोकळ बिट लागते.

भिंतीत नळ किंवा वीजतारा कोठून गेल्या आहेत, हे आधी पाहावे. टाइलच्या कडेपासून दूर खूण करून तीवर कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे टोक घसरत नाही. पोकळ बिट प्रथम किंचित तिरपे धरून खाच पाडावी, मग सरळ करावे. गती मंद व दाब हलका असावा. घर्षणाच्या उष्णतेने काच तडकते व बिटही निकामी होते, म्हणून गाळलेल्या पाण्याचे थेंब सोडत राहावे. पाणी जवळ असल्याने बॅटरीवर चालणारे ड्रिल अधिक सुरक्षित. डोळ्यांवर चष्मा हवाच. बिट आरपार जाण्याच्या क्षणी दाब आणखी कमी करावा. बहुतेक नुकसान शेवटच्या घाईतच होते.

टाइल पार झाल्यावर विटेसाठी साधे बिट लावावे. प्लास्टिकची गिट्टी टाइलच्या मागे, भिंतीत पूर्ण जावी. ती टाइलमध्येच फुगली तर टाइल फुटते. शेवटी सिलिकॉनने फट बुजवावी, म्हणजे ओल मुरत नाही आणि सूक्ष्म जीवांना तेथे आश्रय मिळून पुढे त्यांची हिंसा घडत नाही.

टफन्ड काचेला मात्र घरी कधीही छिद्र पाडू नये. तिच्यातील अंतर्गत ताणामुळे ती क्षणात चुरा होते. तिची छिद्रे कारखान्यातच, भट्टीत घालण्यापूर्वी पाडलेली असतात.

वस्तू उचलताना व ठेवताना दक्षता बाळगणे, ही मुनींची आदाननिक्षेपण समिती. श्रावकाने तिचा अंश घरकामात आणला, तर टाइल वाचते, जीव वाचतात. दांडी बसल्यावर प्रथम घरातील धडधाकट माणसाने तिला पूर्ण भार देऊन पाहावे. मगच वृद्ध हात तिच्यावर विसंबू द्यावा.