प्रभाकरची काच

दिंडोरीतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक कंदील सापडला. टाकी गंजलेली, वातीची चावी अडकलेली, पण काच धड. पत्र्यावर हात फिरवला तर ‘प्रभाकर’ ही उठावाची अक्षरं बोटाला लागली. हाच कंदील घेऊन आजोबा रात्री मळ्यात दारं धरायला जायचे.

स्वीडन-फिनलंडची काच जमवणारे लोक फुलदाणी हातात आली की आधी ती उलटी करतात. बुडाशी कोरलेली सही नि कारखान्याचं नाव वाचतात. आल्वार आल्टो यांची १९३६ची लाटांसारख्या कडेची फुलदाणी असो की १९५०च्या दशकातली, पोटात रंग कोंडलेली जाड भांडी, इतिहास त्यांना तोंडपाठ असतो. ती काच सुंदरच आहे. पण तीच नजर आपल्या कंदिलाच्या काचेकडेही वळावी, असं मला मनापासून वाटतं.

तिची गोष्ट सुरू होते तळेगाव दाभाड्याला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्यातून काच कारखाना निघाला. तिथे नुसता माल निघत नव्हता, काचेचे कारागीरही घडत होते. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत आपला कारखाना उभारला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्यांना आधार होता. पुढे त्या वस्तीलाच ओगलेवाडी म्हणू लागले. स्वीडनच्या ऑरेफोर्स कारखान्याने गावाचं नाव घेतलं, इथे गावाने कारखानदारांचं घेतलं. तिथल्या कंदिलाचं नाव प्रभाकर. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगले बंधूंच्या वडिलांचं नावही तेच.

वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचा, तो रस फुंकनळीच्या टोकावर घेऊन साच्यात फुंकायचा, दोन्ही तोंडं कापून कडा गुळगुळीत करायच्या. खरी परीक्षा त्यानंतरची. काच अगदी सावकाश निवावी लागते. घाईने गार झाली तर ताण आतच राहतो आणि पेटत्या कंदिलावर पावसाचा थेंब पडला की ती तडकते. फुलदाणीला नुसतं पाणी सोसायचं असतं. हिला आतून ज्योत आणि बाहेरून मृगाचा पाऊस, दोन्ही एकदम.

आमच्या काचेच्या कडेला हिरवट झाक आहे, वाळूतल्या लोखंडाची. पोटाशी तिळाएवढा बुडबुडा आहे. फुंकताना अडकलेली हवा अजून तिथेच आहे. भंगारवाला पत्र्याचं वजन करतो, काच आधी काढून फेकतो. म्हणून सांगते, घरात अशी काच असेल तर जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवा, आणि कंदील कुणाचा होता ते कागदावर लिहून सोबत ठेवा.

आजोबांच्या त्या मळ्यात आता द्राक्षं आहेत. आज काचेवर दिंडोरीचं नाव मिरवतं ते ‘दिंडोरी रिझर्व्ह’ वाइनच्या बाटलीवर.

काच पुसायला आईने राख मागितली. आमच्याकडे चूल उरली नाही, शेजारून आणली. लहानपणी रोज संध्याकाळी हे काम माझं होतं, कारण घरात माझाच हात आत जायचा. आता तो जात नाही. फडक्यावर चिमूटभर राख घेऊन माझ्या भाचीने काच पुसली, आणि आई दारातून सांगत राहिली, ‘‘हळू गं, कडेला धरू नकोस.’’