कोड बदलला, तरी जुनंच दिसतंय? आधी हे तपासा

कोडमध्ये बदल केला, सेव्ह केला, पान रिफ्रेश केलं, तरी स्क्रीनवर तेच जुनं बटण आणि तोच जुना रंग. वेबसाइट बनवायला शिकताना हे हमखास होतं. यात वेळ तर जातोच, पण खरा धोका वेगळा आहे. नवा कोडच चुकलाय असं समजून आपण चांगला चालणारा कोड मोडून ठेवतो. म्हणून मी अशा वेळी कोडला हात लावत नाही. जुना कोड नेमका कुठे अडकलाय, ते आधी शोधतो.

१. खूण टाका

सर्व्हरच्या फाइलमध्ये एक प्रिंटची ओळ टाका, उदा. "चाचणी १". पान उघडल्यावर ती टर्मिनलमध्ये दिसली, तर सर्व्हर नवा कोड चालवतोय आणि अडचण ब्राउझरकडे आहे. दिसली नाही, तर अडचण बहुधा फाइल किंवा सर्व्हरमध्ये. एवढ्यानं अर्धं काम होतं.

२. फाइल तीच आहे ना?

व्हीएस कोडमध्ये फाइलच्या नावाशेजारी गोल ठिपका असेल, तर ती सेव्ह झालेलीच नाही. मग फोल्डर बघा. झिप दोनदा उघडली की एकाच प्रोजेक्टच्या दोन कॉपी होतात. आपण एकीत लिहितो आणि चालते दुसरी. पोर्टही बघा. जुन्या कॉपीचा सर्व्हर ५१७३ वर चालू राहिला, तर वीट नवा सर्व्हर ५१७४ वर सुरू करतं. तुम्ही मात्र ५१७३ च उघडून बसता!

३. सर्व्हर बंद करून चालू करा

पायथन एखादं मॉड्यूल एकदा वाचलं की मेमरीत ठेवतं. नोडचंही तसंच. फाइल बदलली तरी चालू असलेल्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. कंट्रोल आणि सी दाबून सर्व्हर थांबवा, पुन्हा सुरू करा. रोजची कटकट नको असेल, तर फ्लास्कचा डीबग मोड किंवा नोडचा वॉच पर्याय वापरा. डॉकरमध्ये कोड इमेज बनवतानाच कॉपी केला असेल, तर नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही, इमेज पुन्हा बिल्ड करावी लागते.

४. आता ब्राउझर

पान लवकर उघडावं म्हणून ब्राउझर फाइल्स साठवून ठेवतो. यालाच कॅश म्हणतात. लॅपटॉपवर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये 'डिसेबल कॅश' हा पर्यायही आहे, पण ती खिडकी उघडी असेपर्यंतच तो चालतो.

फोनवर तपासताय? इन्कॉग्निटोचे सगळे टॅब बंद करून नवा उघडा. तिथे नवं दिसलं, तर दोष साठवलेल्या फाइल्सचा.

तरीही जुनंच येत असेल, तर सर्व्हिस वर्कर बघा. ऑफलाइन चालणाऱ्या साइट्समध्ये तो असतो. त्याची नवी आवृत्ती आली तरी जुन्या आवृत्तीचे सगळे टॅब बंद होईपर्यंत ती साधारणपणे थांबून राहते, त्यामुळे रिफ्रेश करून उपयोग होत नाही. डेव्हलपर टूल्सच्या ॲप्लिकेशन टॅबमध्ये 'अपडेट ऑन रीलोड' चालू करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी खुणेचा आकडा वाढवा: चाचणी २, चाचणी ३. सगळं एकदम डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल केलं तर कदाचित चालेलही, पण कारण कळणार नाही. आणि प्रोजेक्ट सबमिट करायच्या आदल्या रात्री तीच अडचण पुन्हा समोर उभी राहील.