गोलांची बेरीज, भावांचा गुणाकार

फुटबॉलच्या सामन्यात कोण जिंकेल याच्याशी काहीही देणेघेणे नसलेली एक पैज असते. दोन्ही संघ मिळून एकूण किती गोल करतील, एवढाच तिचा प्रश्न. बुकी एक रेषा ठरवतो, बहुधा अडीच गोलांची. एकूण गोल तीन किंवा अधिक झाले तर ‘अडीचच्या वर’ लावणारा जिंकतो. दोन, एक किंवा शून्य झाले तर ‘अडीचच्या खाली’ लावणारा. अर्धा गोल कोणी करू शकत नाही, म्हणून रेषा अर्ध्यावर ठेवतात आणि पैज बरोबरीत सुटण्याचा प्रश्नच उरत नाही. रेषा पूर्ण तीनवर असेल आणि नेमके तीन गोल झाले तर लावलेली रक्कम परत मिळते. आशियाई पद्धतीत सव्वादोन आणि पावणेतीन अशाही रेषा असतात. त्यांत रक्कम शेजारच्या दोन रेषांवर निम्मी निम्मी वाटली जाते. पावणेतीनच्या वर लावले आणि तीनच गोल झाले, तर अडीचवरचा अर्धा भाग जिंकतो आणि तीनवरचा अर्धा भाग परत येतो.

अशा दोन, तीन, पाच किंवा दहा पैजा एकत्र बांधून त्यांची एकच पैज केली की तिला अमेरिकेत पार्ले आणि इंग्लंडात अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. मोबाइलवरच्या सट्ट्याच्या अ‍ॅपांत तीच कॉम्बो किंवा मल्टी या नावाने दिसते. अट एकच: सगळ्या पैजा जिंकल्या पाहिजेत. एक जरी हरली तरी सगळी रक्कम जाते. त्या बदल्यात भावांचा गुणाकार होतो, आणि या गुणाकाराचा मोह फार मोठा असतो.

अडीचची रेषा अनुभवातून आली आहे. कतारमधील २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला सरासरी २.६९. गोल ही विरळ घटना आहे. ती नव्वद मिनिटांत केव्हाही घडते आणि एक गोल झाल्याने पुढचा कधी होईल हे फारसे ठरत नाही. अशा घटनांचे गणित फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ मध्ये मांडले. बोर्टकिएविच याने १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या नोंदी या गणिताशी ताडून पाहिल्या आणि त्या चांगल्या जुळल्या. फुटबॉलला ते पद्धतशीरपणे लागू करण्याचे काम माहेर (१९८२) आणि डिक्सन व कोल्स (१९९७) यांच्या शोधनिबंधांनी केले. आज सट्टा चालवणाऱ्या कंपन्यांची संगणकीय प्रारूपे याच घराण्यातली आहेत.

सरासरी २.७ गोल धरली तर या सूत्रानुसार एकही गोल न होण्याची शक्यता सुमारे ६.७ टक्के, एका गोलाची १८.१ आणि दोन गोलांची २४.५ टक्के येते. तिन्हींची बेरीज ४९.४ टक्के. म्हणजे अडीचच्या वर किंवा खाली हा जवळजवळ नाणेफेकीचा प्रश्न होतो, आणि रेषा तिथे ठेवण्याचे कारणही तेच. स्पर्धा बदलली की चित्र बदलते. इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले. सरासरी ३.२८ झाल्यावर अडीचच्या वर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. बुकीला हे अर्थातच ठाऊक असते, त्यामुळे ‘वर’चा भाव तेवढाच उतरतो. गोल भरपूर होतात म्हणून ‘वर’ लावणे फायद्याचे, हा समज इथेच फसतो, कारण भरपूर गोल भावात आधीच धरलेले असतात.

आता जोडणी. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये एएफसी महिला आशिया चषकाचे सामने झाले. जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम आणि म्यानमार यांच्या गटाचे बहुतेक सामने तिथेच होते. २१ जानेवारीला जपानने म्यानमारवर ५-० आणि कोरियाने व्हिएतनामवर ३-० असा विजय मिळवला. २४ तारखेला जपानने व्हिएतनामला ३-० आणि कोरियाने म्यानमारला २-० हरवले. २७ तारखेला जपान-कोरिया १-१ आणि व्हिएतनाम-म्यानमार २-२ असे बरोबरीत सुटले. सहा सामन्यांपैकी चार अडीचच्या वर गेले. प्रत्येक सामन्यावर ‘अडीचच्या वर’ अशी सुटी पैज लावणारा सहात चार वेळा बरोबर ठरला असता. पण त्या त्या दिवसाचे दोन सामने जोडून ‘दोन्ही अडीचच्या वर’ असे लावणाऱ्याला तीन दिवसांत एकच दिवस, २१ जानेवारीचा, लाभला असता. उरलेल्या दोन्ही दिवशी एक सामना वर आणि एक खाली गेला. अंदाज तेच आणि सामनेही तेच, पण जोडणीमुळे चार बरोबर अंदाजांतले दोन वाया गेले.

यापुढचा भाग कमी लोकांच्या लक्षात येतो. समजा अडीचच्या वर आणि खाली दोन्ही बाजूंना १.९० भाव आहे, म्हणजे शंभर रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह १९० मिळतात. शक्यता निम्मी असेल तर न्याय्य भाव २.०० हवा. मधले दहा रुपये बुकी प्रत्येक विजयातून कापतो. विजय निम्म्याच वेळा मिळत असल्याने दीर्घकाळात लावलेल्या प्रत्येक शंभरामागे ९५ परत येतात आणि पाच त्याच्याकडे राहतात. दोन सामने जोडले की भाव १.९० गुणिले १.९०, म्हणजे ३.६१ होतो. न्याय्य भाव ४ असतो, त्यामुळे शंभरामागे ९० रुपये परत येतात. पाच सामन्यांना भाव २४.७६ आणि न्याय्य भाव ३२. परतावा ७७ रुपयांवर येतो. दहा सामन्यांना भाव ६१३ दिसतो आणि डोळे दिपतात. न्याय्य भाव मात्र १,०२४ असतो, आणि परतावा ६० रुपयांपर्यंत घसरलेला असतो. पाच टक्क्यांची कपात जोडलेल्या प्रत्येक सामन्याबरोबर पुन्हा लागत जाते.

पिंपरी-चिंचवडजवळच्या चाकणच्या कारखान्यांत गुणवत्ता विभागातल्या कोणालाही हा हिशेब नवा नाही. जुळणीच्या साखळीत दहा टप्पे असतील आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरातले ९५ नग पहिल्याच फेरीत बिनचूक निघत असतील, तर शेवटी पुन्हा हात न लावता बाहेर पडणारे नग ९५ राहत नाहीत, साठच राहतात. प्रत्येक टप्प्याचा उतारा गुणत जायचा, हा त्या कामातला रोजचा नियम आहे. जोडपैजेत लावणाऱ्याचा पैसा त्याच साखळीतून जातो. ज्या पट्ट्यात हे गणित पगार घेऊन रोज केले जाते, तिथल्या तरुणांना ते पैजेच्या पडद्यावर ओळखता यावे, यासाठी ते इथे इतके सविस्तर दिले आहे.

मोठ्या आकडेवारीतही हेच दिसते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात खेळांवरच्या सट्ट्याची नोंद सरकारी पातळीवर अनेक दशके ठेवली जाते. तिथे एकूण क्रीडा-सट्ट्यात चालकांकडे सुमारे पाच-सहा टक्के रक्कम राहते, पार्ले कार्डांवर मात्र ती तीस टक्क्यांच्या आसपास जाते. अ‍ॅपांवर जोडपैजांची जाहिरात सर्वांत ठळक असते, त्या ‘बूस्ट’ करून दाखवल्या जातात किंवा एक सामना चुकला तर रक्कम परत देऊ असे आमिष दाखवले जाते, त्याचे कारण या फरकात आहे.

माणूस तरीही जोडत राहतो, आणि तो निर्बुद्ध असतो असे नाही. पाच समसमान पैजांच्या जोडणीत सगळ्या जिंकण्याची शक्यता बत्तीसात एक असते. नेमकी एकच चुकण्याची शक्यता बत्तीसात पाच. म्हणजे ‘एका सामन्याने हुकली’ हा अनुभव विजयाच्या पाचपट वेळा येतो. दहाच्या जोडणीत तो दहापट वेळा येतो. लावणाऱ्याला आपण विजयाच्या अगदी जवळ आहोत असे सतत वाटत राहते आणि या भावनेला गणितात काडीचाही आधार नसतो. वेळाही या भावनेला पोसतात. प्रीमियर लीगचे शनिवार दुपारचे सामने भारतात संध्याकाळी साडेसात किंवा हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात. चॅम्पियन्स लीगचे सामने रात्री साडेबारा किंवा दीडला. दुसऱ्या पाळीहून खोलीवर आलेल्या माणसाच्या हातातला मोबाइल आणि जोडणीतला शेवटचा सामना यांची वेळ नेमकी जुळते.

एकाच सामन्यातल्या दोन पैजा जोडल्या तर साधा गुणाकार चालत नाही. ‘दोन्ही संघ गोल करतील’ आणि ‘अडीचच्या वर’ या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. दोन्ही संघांनी गोल केले की किमान १-१ होतेच आणि त्यानंतर फक्त नेमका १-१ हा निकालच अडीचच्या खाली राहतो. म्हणून कंपन्या अशा जोडणीला वेगळा, कमी भाव देतात किंवा ती स्वीकारतच नाहीत. वेगवेगळ्या मैदानांवरचे सामने बरेचसे स्वतंत्र असतात. लीगच्या शेवटच्या दिवशी एकाच वेळी चालणारे आणि एकमेकांच्या गुणांवर अवलंबून असलेले सामने याला अपवाद ठरू शकतात.

निकाल लावण्याचे नियमही पाहण्यासारखे आहेत. सामना रद्द झाला किंवा पूर्ण रेषेवर बरोबरी झाली तर तो सामना जोडणीतून गळतो, त्याचा भाव १ धरला जातो आणि उरलेली पैज चालू राहते. वाद सर्वाधिक होतो तो जादा वेळेवरून. गोलांची बेरीज बहुतेक ठिकाणी नव्वद मिनिटे आणि त्यांना जोडलेला भरपाईचा वेळ एवढ्यावरच मोजतात. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच आशिया चषकात चीन-जपान उपांत्य सामना २-२ असा संपला आणि चीनने पेनल्टी शूटआउटवर तो जिंकला. चार गोल दिसले तरी नव्वद मिनिटांअखेर स्थिती १-१ होती, दोन्ही संघांचा दुसरा गोल जादा वेळेत झाला. या नियमाने तो सामना अडीचच्या खालीच मोजला जातो.

जोडणीची कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत सुरू केलेल्या आणि पुढे रतन खत्री यांनी पसरवलेल्या मटक्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ असे दोन आकडे निघतात आणि ‘जोडी’ म्हणजे दोन्ही बरोबर सांगणे. प्रचलित भाव सुट्या आकड्याला नऊपट आणि जोडीला नव्वदपट. दहात एक आणि शंभरात एक या शक्यता धरल्या तर दोन्हीकडे कपात दहाच टक्के राहते. अ‍ॅपाच्या पद्धतीने गुणाकार केला असता तर जोडीला एक्याऐंशीपटच मिळाले असते. अर्थात आकडा काढणाऱ्यावर कोणाचीच देखरेख नसलेल्या खेळात हा हिशेब कागदावरच राहतो. पुण्याच्या रेसकोर्सवरचा जॅकपॉट हीदेखील जोडपैजच, पाच शर्यतींचे विजेते सांगण्याची. तिथे सगळ्यांचे पैसे एका निधीत जमतात आणि क्लबची व कराची कपात त्या निधीतून एकदाच होते, प्रत्येक शर्यतीला नव्हे. इंग्लंडात लिटलवुड्सने १९२३ पासून चालवलेले फुटबॉल पूल याच जातीचे होते.

कायद्याने घोड्यांच्या शर्यतींना परवानाधारक मैदानापुरती मोकळीक दिली आहे, फुटबॉलला नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार हा राज्यांचा विषय आहे आणि महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. पिंपरी-चिंचवड भागातल्या पोलिसांच्या कारवाया प्रामुख्याने क्रिकेटवरच्या सट्ट्याच्या असतात. २६ मार्च २०२१ रोजी गहुंजे येथे प्रेक्षकांविना झालेल्या भारत-इंग्लंड एकदिवसीय सामन्याच्या वेळी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना अटक केली आणि सुमारे ४५ लाख रुपये जप्त केले. काही जण मैदानाजवळच्या टेकडीवरून दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांनी खेळ पाहत होते. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोहोचते आणि तेवढ्या सेकंदांत भाव बदलतो. गोलांच्या रेषेवर चालू सामन्यात लावल्या जाणाऱ्या पैजांनाही हीच उणीव लागू पडते. मैदानाजवळच्या माणसाला गोल आधी कळतो आणि मोबाइलवर पाहणारा आधीच घडून गेलेल्या गोष्टीवर पैसे लावत असतो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवणे त्याने गुन्हा ठरवले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. तरीही त्याची बाजू लंगडीच राहते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो आणि जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. दहा सामन्यांची जोडणी खरोखर जुळली आणि समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर न्यायालय दार उघडत नाही. परदेशातून चालणारी संकेतस्थळे पैसे फिरवण्यासाठी इतरांच्या बँक खात्यांचा वापर करतात. थोड्या कमिशनसाठी पगाराचे खाते अशा कामाला देणाऱ्या कामगाराचे खाते गोठवले जाऊ शकते आणि चौकशीही त्याच्याच दारात येते. अशा व्यवहारात फसवणूक झाल्यास सायबर मदतवाणीचा क्रमांक १९३० आहे. पैजेची ओढ आवरेनाशी झाली असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.