इशाऱ्याची भाषा

हैदराबादच्या इतिहासात २८ सप्टेंबर १९०८ हा दिवस मुसी नदीच्या महापुराचा म्हणून कोरला गेला आहे. या पुरात सुमारे १५,००० माणसे दगावल्याचा अंदाज आहे. अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जणांचे प्राण वाचल्याचे सांगतात. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्यात दीर्घ सेवा केलेले आणि खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे अभियंते. पाणलोटातील अनेक लहान तलाव फुटल्याने पूर वाढला, हे त्यांनी ताडले आणि शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्याचा उपाय सुचवला. त्यातूनच मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले.

तरीही १३ ऑक्टोबर २०२० च्या पावसात शहर बुडालेच. याचा उलगडा होण्यासाठी दोन शब्द वेगळे करावे लागतात : धोका आणि जोखीम. ढगफुटी किंवा पूर हा धोका. त्याच्या वाटेत किती माणसे, किती घरे आहेत आणि ती किती कच्ची आहेत, यावर जोखीम ठरते. पाऊस आपल्या हातात नाही, पण नाल्याच्या पात्रात घर बांधणे किंवा न बांधणे आपल्या हातात असते. आपण ज्याला ‘जोखमीची वस्तू’ म्हणतो, ती जपावी लागते. या शब्दातच जबाबदारी दडलेली आहे.

मी साहित्याचा अध्यापक, त्यामुळे हवामानाच्या बातमीतही माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द ऐकले की पाऊस किरकोळ असेल, असे अनेकांना वाटते. हवामानशास्त्रात त्यांचा अर्थ निराळा आहे : त्या विभागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस होईल. तो किती जोराचा असेल, याच्याशी ‘तुरळक’चा संबंध नाही. ‘तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार’ या वाक्यात म्हणूनच विसंगती नाही. ज्याच्या गल्लीत तो पाऊस कोसळेल, त्याच्यासाठी तो तुरळक नसतो.

‘अतिवृष्टी’चेही तसेच. महाराष्ट्राच्या महसुली कामकाजात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हवामान खात्याच्या प्रतवारीत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’ सुरू होतो आणि ‘अत्यंत मुसळधार’साठी २०४.४ मिलिमीटर ओलांडावे लागतात. शब्द जितका भारदस्त, तितके संकट मोठे, हे अनुमान येथे चालत नाही. त्यापेक्षा असे सांगावे : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर रिते होतात. हे गृहिणीलाही कळते आणि शेतकऱ्यालाही.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा प्रयोग तर सर्वांत फसवा. असा पूर परवाच येऊन गेला, आता आपल्या हयातीत काळजी नाही, असा निष्कर्ष माणसे काढतात. वास्तविक त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, इतकाच. मागच्या वर्षी पूर आला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षे त्याच घरात राहणाऱ्याला असा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. घरासाठी कर्ज घेताना हा आकडा व्याजदराइतकाच लक्षात ठेवावा.

रंगांचेही व्याकरण आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे कृती करा. मात्र ‘रेड अलर्ट’ एवढ्यावर थांबलेली बातमी भीती देते, दिशा देत नाही. चांगल्या इशाऱ्यात चार गोष्टी असाव्यात : काय होणार, कोठे, केव्हा आणि आपण काय करायचे. ‘आज रात्री जलाशयाचे दरवाजे उघडणार आहेत, नदीकाठच्या लोकांनी अंधार पडण्यापूर्वी कागदपत्रे व औषधे घेऊन उंच जागी जावे’ हे साधे वाक्य कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक जीव वाचवील.

आपल्यासारख्या बहुभाषिक शहरात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येथे इशारा तेलुगू, उर्दू किंवा इंग्रजीत येतो. तरुणांना तो समजतो. पण घरात दिवसभर एकट्या असणाऱ्या, केवळ मराठी वाचणाऱ्या आजीपर्यंत तो पोहोचेलच असे नाही. आपल्या मंडळांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अधिकृत इशाऱ्याचे मराठी रूप तत्काळ तयार करावे, त्यात पदरची भर घालू नये आणि ज्यांच्या हाती मोबाईल नाही त्यांच्या दारावर जाऊन ते सांगावे. भाषा टिकवण्याच्या गोष्टी आपण संमेलनांत पुष्कळ करतो. ती बोलणारी माणसे सुखरूप राहावीत, हेही भाषेचेच काम आहे.