सुराची आस आणि पायाची कळ

हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्यास संगीताची ओळख करून देण्याची वास्तविक आवश्यकता नाही. सवाई गंधर्वांचे जन्मस्थान अमरगोळ येथून हाकेच्या अंतरावर आहे. गंगूबाई हनगळ धारवाडात जन्मल्या व हुबळीत राहिल्या. मल्लिकार्जुन मन्सूरांचे घर धारवाडात होते. अशा भूमीत कान आपोआप तयार होतात. तथापि कानाने रोज अनुभवलेली एक गोष्ट मनाने क्वचितच तपासून पाहिलेली असते. ती म्हणजे, एकदा उमटलेला सूर जगतो तरी किती वेळ?

गवई आपल्या दमाने सूर धरून ठेवतो. सारंगिया गजाने धरतो, पेटीवादक भात्याने. तार छेडून वाजविण्याच्या वाद्यांचे मात्र तसे नाही. सतारीची तार नखीने छेडली की त्याच क्षणापासून तिचा सूर मावळू लागतो. सूर असा मागे रेंगाळण्याच्या गुणास आपले वादक 'आस' म्हणतात. ही आस वाढावी म्हणून आपल्या कारागिरांनी भोपळे मोठे केले, घोडीवर जवारी काढली, खाली तरफेच्या तारा बसविल्या. पाश्चात्त्यांनी याच अडचणीवर एक निराळा उपाय योजिला. त्यांनी ते काम पायाकडे सोपविले. या लेखात आम्ही त्या पायाच्या कळीची, आणि ती वाद्यास कशी बसवावी याची, माहिती देणार आहोत.

पायाने आवाज वाढविणे-घटविणे ही कल्पना मराठी रसिकांस नवी वाटण्याचे कारण नाही. पॅरिसच्या देबाँ याने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, ते वाद्य पायाने भाता चालविण्याचे होते. त्यात एक मोठी युक्ती होती. एक विशिष्ट खुंटी ओढली की हवेचा साठा करणारी पिशवी बाजूस पडे आणि पायाचा दाब सरळ स्वरपट्ट्यांवर येई. पाय हलका तर सूर हलका, पाय जोराचा तर सूर भरदार. पुढे हे वाद्य हिंदुस्थानात आले. आपली बैठक जमिनीवरची. मांडी घालून बसलेल्या माणसाचा पाय भात्यापर्यंत पोचणार कसा? म्हणून 1875 च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालविण्याची पेटी तयार केली. बैठकीने वाद्याचा पाय काढून घेतला तो असा, आणि त्याबरोबर वादकाचा एक हातही कायमचा भात्याला जखडला गेला.

संगीत रंगभूमीने तो पाय परत दिला. तेथे वादक खुर्चीवर बसे, पाय मोकळे असत. पायपेटी आणि पुढे ऑर्गन यांनी नाटकमंडळ्यांत आपले स्थान मिळविले. बालगंधर्वांच्या मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनची, अहमदजान थिरकवाँ तबल्याची आणि कादरबक्ष सारंगीची साथ करीत, हे जुन्या रसिकांस तोंडपाठ असे. ऑर्गनला दोन पायटे असतात, ते आळीपाळीने दाबून हवा खेळती ठेवावयाची. शिवाय स्वरपट्टीखाली गुडघ्यांसाठी दोन कळी असतात. एक गुडघा बाहेर लोटला की स्वरांवरची झडप उघडते आणि आवाज फुलतो. दुसरा लोटला की वाद्याचे सारे आवाज एकदम बोलू लागतात. दोन्ही हात स्वरांवर, दोन्ही पाय हवेवर, दोन्ही गुडघे आवाजावर! गायक नटाने पदाच्या शेवटी सूर हळुवार केला की साथीदाराचा गुडघा तत्काळ आत यावा लागे. नाहीतर साथ ती साथ न राहता कुरघोडी होई.

येथे एक शंका कोणी घेईल. वाद्यास चुकून पाय लागला तर आपण त्यास हात लावून नमस्कार करतो. मग मुद्दाम पाय लावावयाचा कसा? आमच्या मते ही शंका आदरातून आलेली आहे व आदर योग्यच आहे. परंतु पायटे हे वाद्याचे पायच होत. ते पायासाठीच घडविलेले असतात. कुंभाराचे चाक आणि विणकराचा माग यांवरही पाय चालतो, त्यात अवमान कोणास दिसत नाही.

आता गिटारीकडे वळू. हवाई बेटांवर 1889 च्या सुमारास जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटारीच्या तारांवर पोलादाचा गुळगुळीत तुकडा सरकवून वाजविण्याची रीत रूढ केली, असे मानले जाते. पडद्यांचा अडथळा सुटला आणि एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणे साधले. ही तर आपली मींड! 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती पुष्कळ अंशी याच मींडेच्या अभावामुळे, आणि ती 1971 पर्यंत शिथिल झाली नाही. हवाई गिटारीत मींड भरपूर, पण आस तोकडी. पेटीत आस हवी तेवढी, पण मींड नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी या गिटारीवर रागसंगीत आणले; 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने तिचा आवाज घरोघर पोचला. विश्वमोहन भट्ट यांनी पुढे आपल्या मोहनवीणेस तरफेच्या व चिकारीच्या तारा जोडून आसेची उणीव भरून काढली. हे दोघेही बैठकीचे वादक, म्हणून त्यांचा उपाय हाताच्या टापूतला राहिला.

अमेरिकेत हीच गिटार चार पायांच्या चौकटीवर चढली. साधारणतः दहा तारा, खाली तीन पेडले, गुडघ्यांजवळ चार-पाच कळी. हे पेडल दाबले की दांड्यांच्या योगे ठराविक तारा ताणल्या जातात आणि छेडलेला सूर वाजता वाजताच चढतो. 1954 मध्ये गाजलेल्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स याने हा चमत्कार लोकांस ऐकविला आणि तेव्हापासून पेडल स्टील गिटार हे स्वतंत्र वाद्य ठरले. यात डावा पाय सुरांच्या पेडलांवर असतो. उजवा पाय उरतो, तो आवाजाच्या पेडलावर.

या पेडलाची रचना सोपी आहे. गिटारीतील चुंबकीय ग्राहकाकडून निघालेला क्षीण विद्युत्प्रवाह प्रवर्धकाकडे जाताना वाटेत या पेडलातून जातो. आत एक फिरता रोधक असतो. पाय वळला की दोरीने वा दातेरी चाकाने तो फिरतो. रोधकाचे मूल्य बहुधा पाच लाख ओहम घेतात. ते फार कमी घेतल्यास ग्राहकावर भार पडून सुराची धार बोथट होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या कानास आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती दुप्पट करून भागत नाही, सुमारे दसपट करावी लागते. म्हणून रोधकही त्याच प्रमाणात चढणारा असावा. एकसारखा चढणारा बसविला तर पाय किंचित हलताच आवाज उसळतो आणि पुढचा सारा प्रवास फुकट जातो.

वाजविताना पेडल पूर्ण दाबून कधी ठेवीत नाहीत. तार छेडावी ती पेडल अर्धेमुर्धे असताना. मग सूर मावळू लागला की पाऊल तेवढ्याच बेताने पुढे झुकवावे. तारेची शक्ती घटते आहे, पाय ती भरून देतो आहे, आणि ऐकणारास वाटते की सूर स्थिर उभा आहे! पेडल पूर्ण मिटून तार छेडली व नंतर हळूच उघडले तर नखीचा आघात ऐकूच येत नाही. गजाने काढल्यासारखा सूर उगवतो आणि सारंगीचा भास होतो. नवशिके मात्र प्रत्येक आघातासरशी पाय आपटतात. तो भाता मारणे झाले, वादन नव्हे.

इतके नाजूक काम पावलाकडे असल्यामुळे पेडल जागचे हलता कामा नये. पाऊल पुढे झुकते तसे पेडलही पुढे लोटले जाते. गुळगुळीत फरशीवर ते निसटते. शाळेच्या रंगमंचावर सतरंजी अंथरलेली असेल तर सतरंजीसकट गोळा होते. वादकाचे डोळे तारांवर असतात, त्यास खाली पाहण्याची सवड नसते. यासाठी पेडल वाद्यासच जोडणे उत्तम.

प्रथम जागा ठरवावी. वादकाने आपल्या नित्याच्या आसनावर बसावे, डावा पाय सुरांच्या पेडलांवर ठेवावा आणि उजवा पाय सहज पडेल तेथे पडू द्यावा. त्या पावलाभोवती खडूने रेघ ओढावी. पाऊल बहुधा थोडे तिरपे पडते. पेडलही तसेच तिरपे बसवावे, शोभेसाठी सरळ करू नये. मग त्याच जागी पेडल ठेवून गुडघा पाहावा. पेडल जाड असेल तर गुडघा वर उचलला जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कळी नीट लागत नाहीत. तसे झाल्यास बुटके पेडल घ्यावे किंवा गिटारीचे पाय थोडे उंच करावेत. आसन खाली घेऊन उपयोग नाही, हात अवघडतात.

गिटारीच्या पुढच्या दोन पायांमध्ये एक आडवी दांडी असते, सुरांची पेडले तिलाच टांगलेली असतात. आवाजाचे पेडलही तिलाच धरावयाचे. लोखंडाची एक चपटी पट्टी काटकोनात वाकवून तिचे एक टोक पेडलाच्या बुडास नटबोल्टने कसावे व दुसऱ्या टोकाचा आकडा करून तो दांडीवर अडकवावा. रेल्वेच्या कारखान्यामुळे हुबळीत फिटरचे काम जाणणारी माणसे शोधावी लागत नाहीत. पट्टी वाकविणे हे त्यांस घटकाभराचे काम आहे. दांडीस छिद्र मात्र कधीही पाडू नये. आकड्याच्या आत जाड रबर घालावे, कारण लोखंडास लोखंड भिडले तर पायाचा प्रत्येक ठोका चौकटीतून तारांपर्यंत चढतो आणि प्रवर्धकातून धपधप ऐकू येते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायाचा भार जमिनीने घ्यावा. पट्टीचे काम पेडलाचे सरकणे थांबविणे एवढेच. पेडल दांडीवर अधांतरी टांगले तर पावलाच्या वजनाने दांडी लवते आणि तिच्यावरील सुरांच्या पेडलांची ओढ बदलून सूर ढळण्याचा संभव राहतो. म्हणून पेडलाखाली रबराचे चार तुकडे चिकटवून ते जमिनीवर पूर्ण टेकवावे, आणि आकड्याचे बोल्ट मागाहून आवळावेत, आधी नव्हे. विजेच्या दोन्ही तारा डावीकडून नेऊ नयेत, तेथे दुसरा पाय चालत असतो. त्या उजव्या पायास बांधून मागे सोडाव्यात.

एवढे झाल्यावर डोळे मिटून खर्जाची तार एकदा छेडावी, पाय पुढे नेत ती मनात बारा मोजेपर्यंत एकसारखी धरून ठेवावी, आणि मग खडूची रेघ पाहावी. पेडल रेघेवरच असेल तर बोल्ट आणखी आवळण्याची गरज नाही.