सूत्र आणि ध्वनी

पहिली कादंबरी लिहिताना विक्रम चंद्रा पोटासाठी प्रोग्रॅमिंग करत होते. ‘सेक्रेड गेम्स’च्या वाचकांना हे सहसा ठाऊक नसते. २०१४च्या ‘गीक सब्लाइम’मध्ये त्यांनी संगणकाचा इतिहास आणि संस्कृत काव्यशास्त्र शेजारी ठेवले. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रे नियमांनी शब्द घडवतात. प्रोग्रॅमशी हे नाते खरेच. पण प्रोग्रॅम म्हणजे कविता, हे समीकरण ते नाकारतात. (‘संस्कृत ही संगणकाची भाषा’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे!) प्रोग्रॅम सांगितले तेवढेच करतो, आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोका’त मात्र काव्याचा प्राण न सांगितलेल्यातच आहे. चंद्रांच्या १९९७च्या कथासंग्रहातली ‘काम’ ही कथा पाहा. इन्स्पेक्टर सरताज सिंग खुनाचा तपास करतो; वाचकाला जाणवत राहते ते घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे त्याचे एकटेपण.