टाकीत काठी बुडवणारी माणसं

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक सेसना १५२ कोसळलं होतं. सगळे वाचले, हे मोठं नशीब. कारणं चौकशी करणाऱ्यांनी सांगावीत. मला मात्र तेव्हापासून मी विमान चालवायला शिकलो ते ऐंशीचं दशक सारखं आठवतंय.

त्याआधीचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला, १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडींना परवाना मिळाला, पुढे एचएएलचं पुष्पक आलं. स्मरणिकांमध्ये हे हारतुऱ्यांसकट छापलेलं असतं.

आम्ही शिकलो तेव्हा विमानात इंधनाचा काटा होता, पण त्यावर विसंबलेला विद्यार्थी त्या दिवशी उडत नसे. पंखावर चढायचं, झाकण उघडायचं, टाकीत काठी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते स्वतः वाचायचं. सेसना १५२ च्या दोन टाक्यांत मिळून वापरता येण्याजोगं पेट्रोल साधारण ९३ लिटर. तासाला २२-२३ लिटर धरलं तर कागदावर चार तास. आमचे इन्स्ट्रक्टर तो कागद बाजूला सारत. चढताना किती जाईल? समोरून वारा आला तर? वाट चुकलास तर? एवढं वजा करूनही उतरताना अर्ध्या तासाचं शिल्लक दिसलं, तरच सही.

मग तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढायचं. विमानाचं पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, निळसर असतं, पाणी त्याच्या खाली थेंबाथेंबानं बसतं. पावसाळ्यात ते हमखास दिसायचं, आणि इथे माझा जुना राग आहे. पेट्रोल महाग, बाहेरून येणारं, म्हणून आमच्या क्लबचे व्यवस्थापक रात्री टाक्या अर्ध्याच ठेवायला लावत. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं रात्रीतून पाणी व्हायचं. मेकॅनिकनं तक्रार केली की त्यालाच बोलणी बसत. तो बिचारा पहाटे येऊन पेल्यामागून पेले काढत बसे.

दुसरा धडा कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचा. खाली माणसं घामाघूम, आणि वर इंजिनाच्या घशात बर्फ! दमट हवेत थ्रॉटल कमी केला की हे होतं. गरम हवेची कळ ओढली की बर्फ वितळून पाणी आत जातं आणि इंजिन आधी जास्तच खोकतं. घाबरलेला पोरगा कळ परत आत ढकलतो. ‘राहू दे, ओढूनच धर,’ हे सरांनी शेजारी बसून इतक्या वेळा सांगितलं, की हात आपोआप थांबायला शिकला. इंजिन गेलंच तर आधी नाक खाली, वेग ६० नॉट, मग शेत निवडायचं: नांगराच्या तासांच्या दिशेनं, विजेच्या तारा टाळून.

आज पडद्यावर लिटर दिसतात, ही सोय चांगलीच. पण व्यावसायिक परवान्याचे २०० तास लवकर संपवण्याच्या घाईत काठी बुडवून घेणारा शिक्षकच उरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तासांवर पैसे मोजणाऱ्या संस्थांना जमिनीवरची ती वीस मिनिटं तोट्याची वाटतात. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याच्या रिफायनरीत एव्हगॅस बनवतंय. आता तरी रात्री टाक्या भरून ठेवा.